घराच्या उताऱ्यावर दोन नावे : प्रकल्प नोंदी

११ जून २०२३

वर्षभराचे काम ठरवण्यासाठी आजची बैठक होती. आमच्या गटाच्या महिला सल्ला केंद्राची गेल्या तीन वर्षांची नोंदवही समोर घेतली. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाईला आम्ही 'आज रात्री कुठे राहणार?' असे विचारतो आणि तिचे उत्तर तिच्याच शब्दांत शेवटच्या रकान्यात लिहून ठेवतो. तो रकाना आज पहिल्यांदाच वरपासून खालपर्यंत सलग वाचला. माहेरी, बहिणीकडे, मळ्यातल्या कांदाचाळीत, एसटी स्टँडवर अशी उत्तरे होती, पण सर्वांत जास्त वेळा 'परत तिथेच' असे लिहिलेले होते. मारहाण, दारू, संशय, मुलगा न होणे, अशी तक्रारीची कारणे वेगवेगळी असली, तरी ज्या उंबऱ्याबाहेर काढले त्याच उंबऱ्यात परत जाण्यावाचून गत्यंतर नाही, ही गोष्ट जवळजवळ प्रत्येक पानावर आढळली.

दारूबंदीचे काम घ्यावे असा दोघींचा आग्रह होता आणि तो रास्त होता. त्यावर गटातील सर्वांत ज्येष्ठ सदस्य, जिला आम्ही सगळ्या मावशी म्हणतो, ती म्हणाली, "बाटली आडवी केली, दुकान उठवलं, तरी घर त्याचंच राहतं. शुद्धीवर असला तरी 'चल, निघ माझ्या घरातून' म्हणतोच ना तो?" तिथून चर्चा वळली. नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागातील आमच्या तालुक्यात दोन गावे निवडून तेथील घरांच्या नोंदीवर पतीबरोबर पत्नीचे नाव लावण्याचे काम करावे, असे ठरले. या नोंदींत गावांची आणि बायांची नावे मुद्दाम लिहिणार नाही.

२५ जून २०२३

अभ्यास बैठक. ग्रामपंचायतीच्या हद्दीतील घरांची नोंद नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत असते, आणि तिची नक्कल म्हणजे घराचा उतारा. ती पती-पत्नीच्या संयुक्त नावाने करण्याबद्दल ग्रामविकास विभागाने २००३ मध्येच सूचना दिल्या असून गावोगावी ती मोहीम 'घर दोघांचे' या नावाने ओळखली गेली. शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याचे परिपत्रक त्याहून जुने, १९९२ चे आहे. म्हणजे आपण नवे काही मागत नसून वीस-तीस वर्षे कागदावर असलेली गोष्ट अमलात आणा एवढेच म्हणत आहोत, हे सर्वांना नीट समजले आणि त्याने धीर आला.

मावशीने १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला झालेल्या शेतकरी महिला अधिवेशनाची आठवण सांगितली. तेव्हा ती नुकतीच लग्न होऊन आली होती आणि सासूबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून तिथे गेली होती. त्या अधिवेशनानंतर काही वर्षांनी शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मी मुक्तीची हाक दिली. ज्या गावातले शंभर शेतकरी स्वखुशीने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करतील, त्या गावाचा जाहीर गौरव होत असे. मावशीच्या दिराने त्या वेळी जावेच्या नावे थोडी जमीन केली आणि दीर गेल्यावर जावेचा संसार त्याच जमिनीवर तरला. मावशीच्या नवऱ्याने मात्र 'पुढच्या वर्षी बघू' असे सांगितले आणि ते पुढचे वर्ष तो हयात असेपर्यंत आले नाही.

१० जुलै २०२३

माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून केलेल्या अर्जाला उत्तर आले आणि आज पहिल्या गावची नमुना ८ ची नोंदवही पाहायला मिळाली. ग्रामसेवकांनी सहकार्य केले, बसायला जागा दिली. आम्ही तिघी होतो. एकीने वाचायचे, दुसरीने लिहायचे आणि तिसरीने फक्त बायांची नावे मोजायची, असे ठरवून बसलो.

मोजणारीला बराच वेळ काम नव्हते. मालकाचे नाव या रकान्यात पानामागून पाने पुरुषांची नावे येत होती. मध्येच एखाद्या नावावर तांबडी रेघ मारून शेजारी 'मयत' असे लिहिलेले असे आणि त्याखाली श्रीमती अमुक हे नाव येई. चार-पाच पाने झाल्यावर मोजणारी हळूच म्हणाली, "आता मला तांबडी रेघ दिसली, की खाली बाई असणार हे कळतं." प्रधानमंत्री आवास योजनेतील घरकुलांच्या नोंदींत थोडा फरक दिसला, कारण त्या योजनेचा नियमच घर पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे मंजूर करण्याचा आहे. ती घरे आणि विधवांची घरे वगळली, तर नवरा हयात असलेल्या बाईचे नाव संपूर्ण नोंदवहीत आम्हाला फक्त तीन ठिकाणी आढळले.

मावशीचे घर याच गावात आहे. तिचे नाव तिसऱ्या पानावर होते, आणि त्याच्या वर तांबडी रेघ होती.

२३ जुलै २०२३

वस्तीवरची पहिली कोपरा सभा शाळेच्या पडवीत झाली. चौदा बाया आणि सात पुरुष आले. पुरुषांना बोलवावे की नाही यावर गटात बराच वाद झाला होता, परंतु पतीच्या संमतीच्या अर्जाशिवाय ही नोंद होत नाही, तेव्हा त्यांना वगळून हे काम होणार नाही, हे शेवटी सर्वांनी मान्य केले. ही संमती भांडण सुरू झाल्यावर मिळत नाही. ज्या घरात आज बरे चालले आहे, त्या घरात आजच अर्ज व्हायला हवा, हे आमच्या मांडणीचे मुख्य सूत्र होते आणि पुढेही तेच ठेवायचे आहे.

प्रश्न मोकळेपणाने आले. एका शेतकऱ्याने विचारले, "उद्या ही निघून गेली, तर अर्धं घर घेऊन जाईल का?" त्यावर गटातील निवृत्त शिक्षिका बाईंनी त्यालाच विचारले, की आजवर या वस्तीवरून किती बाया घर सोडून गेल्या आणि किती बायांना घराबाहेर काढले गेले, हे तुम्हीच मोजून सांगा. तो गृहस्थ खरोखर मनातल्या मनात मोजत बसला, आणि पुढे त्याने वाद घातला नाही. बायांचे प्रश्न अधिक व्यवहाराचे होते. दोन नावे लागली तर घरपट्टी दुप्पट होईल का, हा पहिला. होत नाही, घरपट्टी नावांच्या संख्येवर ठरत नाही. रेशनकार्डावर आणि आधारकार्डावर नावाचे स्पेलिंग वेगळे असेल तर काय, हा दुसरा. या प्रश्नाला आम्ही त्या दिवशी पुरेसे महत्त्व दिले नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

सभा उठल्यावर एक बाई थांबून राहिली. ती घरातली दुसरी. पहिली बायको माहेरी असते, ही वीस वर्षे त्या घरात नांदते आहे आणि घराच्या भिंती हिच्या मजुरीच्या पैशांतून उभ्या राहिल्या आहेत. "माझं नाव लागंल का?" एवढेच तिने विचारले. कायद्याने पत्नी पहिलीच आहे, आणि पहिलीला डावलून आपण दुसरीचा अर्ज भरला, तर एका बाईच्या बेघरपणावर दुसरीचे घर उभे करण्यासारखे होईल. तिला आज उत्तर देता आले नाही.

६ ऑगस्ट २०२३

आजची बैठक साडेचार तास चालली.

गटाच्या वकील मैत्रिणीने आमची पत्रके वाचली आणि त्यांतील एका वाक्यावर बोट ठेवले. 'नाव लावा आणि घराच्या मालकीण व्हा' असे आम्ही छापले होते. तिने स्पष्ट सांगितले, की नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, तो मालकी हक्काचा दस्त नाही, आणि न्यायालयात केवळ त्या उताऱ्यावर मालकी सिद्ध होत नाही. खरी मालकी द्यायची तर पतीने पत्नीच्या नावे बक्षीसपत्र करावे लागते. ते दोन साक्षीदारांसह नोंदणीकृत असावे लागते. महाराष्ट्रात राहत्या घराचे असे बक्षीसपत्र पती-पत्नीत झाले, तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे.

खोलीत शांतता पसरली. दोन महिने आपण बायांना चुकीचे सांगत होतो का, असे एकीने विचारले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. एकदोघींना वाटले, की मग हे काम थांबवून थेट बक्षीसपत्राचेच काम घ्यावे. पण ज्या नवऱ्याला ग्रामपंचायतीच्या अर्जावर सही करायला तीन खेपा समजवावे लागते, तो दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन अर्धे घर लिहून देईल का, हा प्रश्नही तेवढाच खरा होता.

मग उताऱ्याचा उपयोग नेमका कुठे होतो, ते फळ्यावर मांडले. घर विकताना किंवा तारण ठेवताना समोरचा माणूस उतारा मागतो आणि त्यावर दोन नावे असतील तर दुसऱ्या सहीचा प्रश्न निघतो. म्हणजे बायकोला न कळता व्यवहार उरकणे अवघड होते. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार होत आहेत, आणि त्या चौकशीच्या वेळी ग्रामपंचायतीची नोंद पाहिली जाते. त्यामुळे मोजणीआधी नाव लागलेले असणे महत्त्वाचे आहे. वकील मैत्रिणीने आणखी एक गोष्ट समजावून सांगितली, जी आमच्यापैकी निम्म्या जणींना नीट ठाऊक नव्हती. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ च्या कलम १७ नुसार बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, मग त्या घरावर तिचे नाव असो वा नसो. घर सासऱ्याच्या नावावर असले, तरी सुनेचा हा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२० च्या निकालात म्हटले आहे.

शेवटी असे ठरले, की काम चालू ठेवायचे, पण जुनी पत्रके सगळी बाद करायची आणि पहिल्या दोन सभांना आलेल्या प्रत्येक घरी जाऊन दुरुस्ती सांगायची. नव्या पत्रकात तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहायच्या : राहण्याचा हक्क कायद्याने आजही आहे, उताऱ्यावर नाव लागल्याने व्यवहारात वचक राहतो, मालकी हवी असेल तर बक्षीसपत्र. आमच्यातील एका मुस्लिम सदस्याने आपल्या समाजातील घरांसाठी हिबाची, म्हणजे मुस्लिम कायद्यानुसार होणाऱ्या बक्षिसाची, माहिती वेगळी घालावी अशी सूचना केली. ती मान्य झाली आणि त्या भागाचे लिखाण तिच्याकडेच दिले.

१४ ऑगस्ट २०२३

उद्याच्या ग्रामसभेपूर्वी आज महिला सभा झाली. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी अशी कायद्यात तरतूद आहे, पण या गावात आजवर ती रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेण्यापुरतीच होत असे. आज बाया ग्रामपंचायतीच्या सभागृहात खुर्च्यांवर बसल्या. सरपंच ताई अध्यक्षस्थानी होत्या. त्यांचे पती नेहमीप्रमाणे दाराशी उभे राहून विषय वाचायला लागले, तेव्हा मागच्या रांगेतून एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, आज बायांची सभा हाय, कागद तिच्या हातात द्या." त्यांनी कागद दिला आणि ते बाहेर गेले. सरपंच ताईंचा आवाज सुरुवातीला कापत होता, ठराव वाचेपर्यंत तो स्थिर झाला. गावातील घरांच्या नोंदी पती-पत्नीच्या संयुक्त नावाने करण्याची शिफारस एकमताने मंजूर झाली.

१५ ऑगस्ट २०२३

ग्रामसभेत ठराव मंजूर. विरोध झाला नाही. पाऊस नसल्याने टँकरचाच विषय दोन तास चालला आणि आमचा विषय शेवटच्या दहा मिनिटांत आला.

२७ ऑगस्ट २०२३

आजची बैठक झाली नाही. कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागल्यापासून सगळ्या घरांचे लक्ष बाजार समितीकडे आहे.

१० सप्टेंबर २०२३

एक चूक झाली आहे आणि ती आमची आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मध्यंतरी सभेत उत्साह यावा म्हणून आम्ही अर्जाला तयार असलेल्या कुटुंबांची नावे मोठ्याने वाचून दाखवली आणि टाळ्या वाजवल्या. त्यांत एका तरुण सुनेचे नाव होते. तिचा नवरा खरोखरच तयार होता, पण ज्या घराचा अर्ज होता ते घर सासऱ्याच्या नावावर आहे हे आम्ही उतारा पाहून तपासलेच नव्हते. सासऱ्यांना ही बातमी चावडीवर कळली. सून आपले घर बळकावायला निघाली आणि मुलगा तिला सामील आहे, असा त्यांनी अर्थ घेतला. दुसऱ्या दिवशी तिला माहेरी पाठवले गेले. शिक्षिका बाई आणि मी दोनदा त्या घरी गेलो. आम्ही सासऱ्यांची माफी मागितली आणि ते घर त्यांच्याच नावावर असल्याने त्यांच्या हयातीत मुलालाही त्यावर अर्ज करता येत नाही, हे कागद दाखवून सांगितले. सून आठ दिवसांनी परत आली. ती आता आमच्याशी बोलत नाही, आणि तिचे बरोबर आहे.

यापुढे कोणाचेही नाव सभेत वाचायचे नाही. उतारा पाहिल्याशिवाय अर्ज भरायचा नाही. अर्ज भरताना बाईला एकटीला विचारायचे, की याने घरात तुला त्रास होईल असे वाटते का. तिने हो म्हटले किंवा ती गप्प राहिली, तर कागद तिथेच थांबवायचा.

या प्रकरणाने आणखी एक गोष्ट समोर आणली. एकत्र कुटुंबातल्या तरुण सुना, ज्यांना घराबाहेर काढले जाण्याची भीती सर्वांत जास्त, त्याच आमच्या प्रकल्पातून सुटतात, कारण त्यांच्या नवऱ्याच्याच नावावर काही नसते. त्यांच्यासाठी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याची माहिती आणि त्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांचा संपर्क हाच आज हाती असलेला उपाय आहे. नव्या पत्रकात तो भाग सर्वांत वर घ्यावा, असे मी सुचवले आहे.

२ ऑक्टोबर २०२३

पहिल्या गावातून उतारे तपासून घेतलेले १७ अर्ज ग्रामपंचायतीत दिले आणि पोच घेतली. दुसऱ्या गावची ग्रामसभा गणसंख्येअभावी तहकूब झाली.

१९ नोव्हेंबर २०२३

भाऊबीज होऊन चार दिवस झाले. या दिवसांत बहिणी माहेरी येतात आणि हक्कसोडपत्रावर, म्हणजे माहेरच्या मालमत्तेतला आपला हिस्सा सोडल्याच्या दस्तावर, सह्या घेण्याचा काळही हाच असतो, म्हणून आजचा विषय तोच ठेवला होता.

बैठकीची सुरुवात शिक्षिका बाईंनी केली. बारा वर्षांपूर्वी वडील गेल्यावर दिवाळीतच त्यांनी तीन भावांच्या नावे हक्कसोड करून दिले. त्या सरकारी नोकरीत होत्या, कायदा वाचलेला होता, आणि तरीही सही केली. "मला कुणी धमकावलं नाही," त्या म्हणाल्या. "भावजयीने फक्त एवढंच विचारलं, की ताई, पुढच्या दिवाळीला याल ना? तो प्रश्न मला पुरे झाला." त्यांचे बोलणे झाल्यावर एकेकीने हात वर केला. आज आलेल्या अकरा जणींपैकी सहा जणींनी सही केलेली निघाली. आपण दुसऱ्यांच्या नवऱ्यांकडे बायकोच्या नावासाठी जातो आणि आपापल्या माहेरी मात्र आपले नाव आपल्याच हाताने काढून आलो, हे तोवर आम्ही एकमेकींनाही कधी सांगितले नव्हते.

कायद्याची बाजू वकील मैत्रिणीने मांडली. हिंदू कुटुंबात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्येच केली होती. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. हक्कसोडपत्र ऐच्छिक असते. ते न केल्याने बहीण गुन्हेगार ठरत नाही, आणि वारस नोंदीत तिचे नाव लागलेले असणे म्हणजे तिने भावाची जमीन घेतली असेही नाही.

बहिणींना 'सही करू नका' असे सरसकट सांगावे का, यावर एकमत झाले नाही. ज्या बाईला नवऱ्याच्या घरी आसरा नाही, तिला माहेरचा दरवाजा उघडा राहावा म्हणून सही करावीशी वाटते, आणि तिचा तो हिशोब आम्हाला खोटा म्हणता येत नाही. मात्र तो दरवाजा सही केल्यानंतर किती जणींसाठी उघडा राहिला, हे आमच्या नोंदवहीतील 'माहेरी' लिहिलेल्या पानांवरून पुढे पाहायचे आहे. ते काम मी घेतले आहे.

११ डिसेंबर २०२३

पहिले नऊ उतारे हाती आले. आनंदाने पाहायला घेतले, तर पाच उताऱ्यांवर पतीच्या पूर्ण नावापुढे 'व पत्नी' एवढेच लिहिलेले होते. बाईचे नाव नाही. कार्यालयात विचारले, तेव्हा आधारकार्ड आणि रेशनकार्ड यांत नावे जुळत नव्हती म्हणून असे लिहिले, असे उत्तर मिळाले. जुलैमधल्या सभेत एका बाईने हाच प्रश्न विचारला होता आणि आम्ही तो बाजूला ठेवला होता. 'व पत्नी' ही नोंद उद्या कोणत्याही बाईला लागू करता येईल, असे आम्ही लेखी दिले आणि आधारकार्डावरील पूर्ण नावाने दुरुस्ती मागितली. ग्रामसेवकांना मुद्दा पटला. पाचही उतारे परत ठेवून घेतले आहेत.

उरलेल्या चार उताऱ्यांपैकी एक द्यायला मी स्वतः गेले. ती बाई उन्हाळ कांद्याचे रोप उपटत होती. हात पदराला पुसून तिने कागद घेतला, उलटसुलट पाहिला आणि शिक्का कुठे आहे ते विचारले. मग म्हणाली, "ताई, याच्या दोन प्रती काढता येतील का? एक घरात राहू द्या. एक तुमच्या कपाटात ठेवा." तिच्या घरात आज भांडण नाही, नवऱ्याने आनंदाने सही केली आहे, आणि तरीही एक प्रत घराबाहेर असावी असे तिला वाटले. संध्याकाळच्या बैठकीत हे सांगितल्यावर प्रत्येक उताऱ्याची एक प्रत केंद्रात ठेवायची असे ठरले. कपाटाची किल्ली मावशीकडे दिली आहे.

२६ जानेवारी २०२४

दुसऱ्या गावची ग्रामसभा आज झाली. कांदा लागवडीचा हंगाम असल्याने बाया दिवसभर रोजंदारीवर असतात, म्हणून महिला सभा काल रात्री आठ वाजता मंदिराच्या ओट्यावर घेतली होती. ठराव मंजूर झाला. दुरुस्तीला दिलेल्या पाच उताऱ्यांपैकी तीन पूर्ण नावाने परत आले, दोन बाकी आहेत.

जुलैमध्ये थांबून राहिलेल्या त्या बाईबद्दल निर्णय झाला. तिचा अर्ज नमुना ८ साठी भरायचा नाही. तिच्या मजुरीतून बांधलेल्या मागच्या दोन खोल्यांचे बक्षीसपत्र तिच्या नावे करावे, याबद्दल नवऱ्याशी बोलायचे, आणि त्याआधी पहिलीला माहेरी जाऊन भेटायचे. मुद्रांक शुल्काची सवलत तिला मिळणार नाही, हे वकील मैत्रिणीने सांगितले आहे. पहिलीला भेटायला मावशी आणि मी जाणार आहोत.

११ जूनच्या बैठकीत वाचलेल्या नोंदवहीतली, सर्वांत अलीकडे 'परत तिथेच' असे सांगून गेलेली बाई काल ओट्यावर आली होती. तिचा नवरा सही देणार नाही, त्यामुळे उताऱ्याचा मार्ग तिच्यासाठी बंद आहे. संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत २००५ च्या त्याच कायद्याच्या कलम १९ खाली निवासाच्या आदेशासाठी तिचा अर्ज न्यायालयात दाखल झाला असून पहिली तारीख १२ फेब्रुवारी आहे. ती दोन्ही मुलांना घेऊन सध्या त्याच घरात राहते. तारखेला तिच्यासोबत शिक्षिका बाई जातील. तोवर रोज संध्याकाळी सात वाजता तिला फोन करायचा आहे, आणि सोमवार ते शनिवारच्या पाळ्या लावून झाल्या आहेत. रविवारी मी करेन.